घरातून पाहिलेले अ‍ॅक्सिअम ४ चे उड्डाण : चिपळूणमधील तयारीच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला ज्या अ‍ॅक्सिअम ४ मोहिमेतून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जाणार आहेत, तिचे उड्डाण फ्लोरिडातील केनेडी अवकाश केंद्राच्या ३९-ए या तळावरून होणार आहे. ते आम्ही चिपळूणच्या आमच्या घरातून पाहणार आहोत. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी सोयूझ टी-११ मधून गेले, त्यानंतर पृथ्वीप्रदक्षिणेला निघणारे शुक्ला हे दुसरे भारतीय, आणि या स्थानकावर पाऊल ठेवणारे पहिले. अग्निबाण तळावरून सुटल्यापासून यान कक्षेत पोहोचेपर्यंत सगळे मिळून नऊ मिनिटे लागतात. या नऊ मिनिटांत लाइट गेली, इंटरनेट अडकले किंवा पडद्यावर काय चालले आहे हेच कळले नाही, तर उड्डाण पाहिले असे म्हणता येणार नाही. म्हणून तयारी नोंदवून ठेवतो आहे, जेणेकरून पुढच्या समानव, म्हणजे माणसांना नेणाऱ्या, उड्डाणांसाठी, आणि विशेषतः पावसाळ्यात लाइटचा भरवसा नसलेल्या गावांतून, हे कोणी करणार असेल त्याला त्याचा उपयोग होईल.

पहिले काम वेळेचे. फ्लोरिडात उन्हाळी वेळ चालू असल्यामुळे तिथल्या घड्याळात साडेनऊ तास मिळवले की आपली वेळ येते. सध्या जाहीर झालेली वेळ ८ जूनची सकाळी ९ वाजून ११ मिनिटांची आहे, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे ६ वाजून ४१ मिनिटे. फ्लोरिडातील पहाटेचे उड्डाण आपल्याकडे त्याच तारखेच्या दुपारी येते, पण तिथल्या दुपारी अडीचनंतरचे उड्डाण आपल्याकडे दुसऱ्या तारखेला जाते. वर्तमानपत्रांत या दोन्ही तारखा सर्रास मिसळलेल्या दिसतात. त्यामुळे भिंतीवरच्या कागदावर जागतिक प्रमाणवेळ, फ्लोरिडाची वेळ आणि भारतीय वेळ असे तीन स्तंभ केले आणि प्रत्येक स्तंभात तारीख स्वतंत्र लिहिली.

३ जून, मंगळवार

उड्डाण ८ ऐवजी १० जूनला होणार, आपल्याकडे संध्याकाळी ५ वाजून ५२ मिनिटांनी. कागदावर नवी ओळ.

यंदा मोसमी पाऊस मे महिन्याच्या अखेरीलाच कोकणात पोहोचला आणि तेव्हापासून आमच्याकडे लाइट दिवसातून अनेकदा जाते-येते. घरात इन्व्हर्टर आहे, पंखे आणि दिवे त्यावर चालतात, तेव्हा इंटरनेटही चालेल असे गृहीत धरले होते. चाचणी म्हणून मुख्य बटण बंद केले. दिवा जेमतेम लुकलुकला, टीव्ही चालू राहिला, पण राउटर बंद पडून पुन्हा सुरू झाला. त्याचा हिरवा दिवा स्थिर होऊन चित्र परत येईपर्यंत तीन मिनिटे गेली. नऊ मिनिटांच्या प्रवासातील तीन मिनिटे म्हणजे पहिला टप्पा सुटा होण्याचा सगळा भाग हातचा गेला असता.

कारण शोधले तेव्हा इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूचे एक छोटे बटण सापडले. त्यावर दोन पर्याय असतात. साध्या पर्यायावर वीज बदलून घेण्यास यंत्र थोडा अधिक वेळ घेते, पंख्याला आणि दिव्याला ते चालते, पण राउटरच्या अडॅप्टरला तेवढा खंडही सोसत नाही. यूपीएस पर्यायावर हा खंड इतका कमी होतो की राउटर तग धरतो. बटण फिरवले, राउटर टिकला. मात्र संध्याकाळी दुसरीच अडचण उभी राहिली. यूपीएस पर्यायावर इन्व्हर्टर कमी दाबाची वीज स्वीकारत नाही आणि आमच्या वाडीत दिवेलागणीला दाब उतरतो. लाइट असूनही घर बॅटरीवर चालू राहिले आणि रात्री जेवणाच्या वेळेस बॅटरी संपली. त्यामुळे इन्व्हर्टर पूर्वीच्या पर्यायावर आणला आणि राउटरसाठी १२ व्होल्टचा वेगळा छोटा यूपीएस घ्यायचे ठरवले.

५ जून, गुरुवार

छोटा यूपीएस बाजारात १,४०० रुपयांना मिळाला. विकत घेताना राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही पाहून घ्यावेत, कारण ९ व्होल्टचे आणि १२ व्होल्टचे राउटर बाहेरून सारखेच दिसतात. आमच्याकडे फायबरची तार ज्या पेटीत येते ती पेटी आणि वायफायचा राउटर वेगवेगळे आहेत आणि दोन्ही १२ व्होल्टवर चालतात. यूपीएसची वायर एकच होती, म्हणून एकाला दोन टोके करणारी जोडवायर ८० रुपयांना आणली. आता मुख्य बटण बंद केले तरी दोन्ही हिरवे दिवे हलत नाहीत.

तरीही दुपारी खरोखर लाइट गेली तेव्हा तासाभराने इंटरनेट बंद पडले. घरातील सगळी यंत्रे चालू होती. केबलवाल्यांना विचारल्यावर कळले की त्यांच्याकडील यंत्रही बॅटरीवर असते आणि ती बॅटरी साधारण तेवढीच पुरते. यावर घरातून उपाय करता येत नाही, दुसरा मार्ग हाताशी ठेवणे एवढेच करता येते. म्हणून घरातील दोन फोनांपैकी ज्याचे सिम दुसऱ्या कंपनीचे आहे तो हॉटस्पॉटसाठी राखून ठेवला. आमचे घर उताराच्या कुशीत आहे, खाली सिग्नल क्षीण असतो. माळ्याच्या पूर्वेकडील खिडकीत फोन ठेवला तर मधल्या प्रतीचे चित्र न अडकता चालते. सर्वोच्च प्रतीचा आग्रह धरला की मात्र ते दर थोड्या वेळाने थांबते. टीव्हीवर चित्राची प्रत आपोआप निवडली जाण्याची सोय बंद करून ती आधीच मधल्या पातळीवर बांधून ठेवली, कारण यंत्र आपण होऊन प्रत वाढवायला जाते तेव्हाच बहुधा चित्र अडकते.

७ जून, शनिवार

आज १४ मार्चच्या क्रू-१० या उड्डाणाची ध्वनिचित्रफीत लावून पूर्ण तालीम केली. अग्निबाण तोच, फाल्कन ९, आणि तळही तोच. शेजारच्या घरातील मुले तालमीला आली होती आणि त्यांच्यासाठी एक तक्ता तयार केला होता, ज्यात उड्डाणाआधीच्या आणि नंतरच्या ठळक पायऱ्या आणि त्यांपुढे खूण करण्यासाठी मोकळे चौकोन होते.

या तक्त्याचे मोल तालमीतच कळले. इंग्रजी निवेदन अखंड चालू असते आणि त्याच्या जोडीला नियंत्रण कक्षातील छोटे छोटे पुकारे ऐकू येतात. ओळखून ऐकण्यासारखे हे पुकारेच असतात, पण निवेदनात ते हरवतात. कोणत्या क्षणी कोणता पुकारा यायचा आहे हे आधी माहीत असेल तरच कान तो टिपतात. उड्डाणाआधी ४५ मिनिटांच्या सुमारास इंधन भरण्यास संमती दिली जाते. त्यानंतर थोड्याच वेळात अंतराळवीर ज्या पुलावरून यानात शिरले तो पूल बाजूला होतो. मग संकटकालीन सुटका यंत्रणा सज्ज केली जाते आणि उड्डाणाला ३५ मिनिटे उरली असताना इंधन भरायला सुरुवात होते. हा क्रम मुलांना उलटा वाटला. माणसे आधी बसवायची आणि इंधन मागून भरायचे, हे धोक्याचे नाही का, असा प्रश्न एका मुलीने विचारला आणि तो अगदी योग्य होता. फाल्कनमध्ये द्रव ऑक्सिजन फार थंड, त्यामुळे अधिक दाट करून भरलेला असतो. तो भरून ठेवला तर हळूहळू गरम होतो, म्हणून भरणे शेवटी करावे लागते. माणसे आत आणि इंधन भरणे चालू असा हा काळ असतो, म्हणून भरण्यास हात लावण्यापूर्वीच सुटका यंत्रणा सज्ज असावी लागते. काही बिघडले तर अंतराळवीर ज्यात बसतात त्या ड्रॅगन यानाच्या अंगातील आठ सुपरड्रॅको इंजिने यानाला अग्निबाणापासून ढकलून दूर नेतात.

तालमीतील दुसरा शोध आवाजाबद्दलचा होता. टीव्ही पडवीत आहे आणि पडवीवर पत्रे आहेत. पावसाची सर आली की पत्र्यांच्या आवाजात निवेदनही ऐकू येत नाही, पुकारे तर दूरच. टीव्ही माजघरात हलवला, जिथे वर माळा असल्यामुळे आवाज बराच दबतो, आणि जुना स्पीकर तारेने जोडला. बिनतारी स्पीकरने आवाज चित्राच्या किंचित मागे पडत होता, तारेने जोडल्यावर ते थांबले.

८ जून, रविवार

एकाच वेळी दोन पडद्यांवर दोन प्रक्षेपणे लावण्याचा विचार होता. एकावर हा अग्निबाण सोडणाऱ्या स्पेसएक्स कंपनीचे आणि दुसऱ्यावर आपल्याकडील वृत्तवाहिनीचे. आज एक वृत्तवाहिनी डिशवर आणि तीच वाहिनी इंटरनेटवर लावून पाहिली, तर इंटरनेटवरील चित्र अर्ध्या मिनिटाहून अधिक मागे होते. हे अंतर दर वेळी बदलते. म्हणजे एका खोलीत उलटगणती दहावर असताना शेजारच्या पडद्यावर अग्निबाण आकाशात असू शकतो. दोन पडद्यांची योजना सोडून दिली. ज्यांना ती करायचीच असेल त्यांनी पडद्यावरील उलटगणतीचे घड्याळ पाहावे आणि जे प्रक्षेपण पुढे आहे ते थांबवून मागच्याशी जुळवून घ्यावे. एवढे करूनही आवाज एकाचाच ठेवावा. फोनवरील संदेशांच्या सूचना बंद ठेवणे हेही याच कारणाने आवश्यक आहे.

१० जून, मंगळवार

उड्डाण आज नाही. अग्निबाणाच्या चढणीच्या मार्गावरील वाऱ्यांमुळे ते एका दिवसाने पुढे गेले. उद्याची वेळ ५ वाजून ३० मिनिटे.

वारा तळावर शांत असला तरी उंचीवर जोराचा असू शकतो, शिवाय समानव उड्डाणात आणखी एक अट असते. चढणीच्या वाटेत कुठेही सुटका करावी लागली तर यान जिथे पाण्यात उतरेल त्या सागरी पट्ट्यातील वारा आणि लाटाही मर्यादेत असाव्या लागतात. फाल्कन उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याला समांतर ईशान्येकडे जातो, त्यामुळे हा पट्टा अटलांटिकवर लांबवर पसरलेला असतो. फ्लोरिडातील आकाश निरभ्र पाहून उड्डाण नक्की होणार असे मानू नये.

११ जून, बुधवार

पहाटे उठून पाहिले तर उड्डाण पुन्हा थांबवले होते आणि या वेळी नवी तारीख दिलेली नव्हती. तळावरील इंजिन चाचणीनंतरच्या तपासणीत अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्यात द्रव ऑक्सिजनची गळती आढळली. इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनीही ते जाहीर केले.

शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती ती परत केली. मुलांचा हिरमोड झाला, माझाही झाला. पण गळती माहीत असताना चार माणसांना वर पाठवले नाही, याचे मोल मुलांना समजावून सांगणे हा या प्रकल्पाचाच भाग आहे असे मला मनापासून वाटते. तक्त्याखाली आज एक नवा रकाना वाढवला: उड्डाण का थांबले.

१५ जून, रविवार

गळती दुरुस्त झाली असून उड्डाण १९ जूनला होईल असे जाहीर झाले आहे. मिळालेल्या मोकळ्या दिवसांत भिंतीवरचा तीन स्तंभांचा कागद नीट पाहिला आणि त्यात एक नियमितपणा दिसला, जो घरातून तयारी करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे.

मूळ योजना २९ मेची होती आणि तेव्हा वेळ आपल्याकडे रात्री १० वाजून ३३ मिनिटांची होती. ८ जूनसाठी ६ वाजून ४१ मिनिटे, १० जूनसाठी ५ वाजून ५२ मिनिटे, ११ जूनसाठी ५ वाजून ३० मिनिटे. म्हणजे तारीख जसजशी पुढे सरकते तसतशी वेळ रोज साधारण २३ ते २४ मिनिटांनी अलीकडे येते. स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करते. पृथ्वी मध्यभागी किंचित फुगीर असल्यामुळे त्या कक्षेचे प्रतल, म्हणजे ती ज्या सपाटीत आहे ती सपाटी, रोज सुमारे ५ अंश पश्चिमेकडे वळते, आणि पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या फिरण्यामुळे त्यात आणखी जवळपास १ अंशाची भर पडते. पृथ्वी १ अंश फिरायला ४ मिनिटे घेते, त्यामुळे ६ अंशांचे २४ मिनिटे होतात. फ्लोरिडातील तळ या प्रतलाखाली येतो नेमक्या त्या क्षणी अग्निबाण सोडावा लागतो. पाच मिनिटे थांबून मग सोडू, अशी सवलत या उड्डाणाला नाही. क्षण चुकला की पुढची तारीख.

याचा घरच्या तयारीवर थेट परिणाम होतो. उड्डाण दोन आठवडे लांबले तर वेळ साडेपाच तासांनी अलीकडे येते, आणि संध्याकाळसाठी आखलेली सगळी व्यवस्था भर दुपारी चालवावी लागते. आमच्या माजघरात दुपारी पश्चिमेच्या दारातून उजेड पडद्यावर येतो. त्यासाठी दाराला जाड चादर लावण्याची सोय आजच करून ठेवली.

१८ जून, बुधवार

आता २२ जून. वरच्या हिशोबाने दुपारी सव्वा वाजण्याच्या आसपास वेळ यायला हवी होती आणि जाहीर वेळ १ वाजून १२ मिनिटांची निघाली. रविवार असल्यामुळे मुलांना शाळा नाही. वाडीतील बरीच मंडळी येतो म्हणाली आहेत.

२० जून, शुक्रवार

२२ जूनही रद्द. या वेळचे कारण अग्निबाणात नसून स्थानकात आहे. रशियाच्या झ्वेझ्दा या भागाच्या मागच्या टोकाकडील बोगद्यात बऱ्याच काळापासून सूक्ष्म गळती होती. तिथल्या अलीकडच्या दुरुस्तीनंतर हवेचा दाब स्थिर दिसू लागला. दाब स्थिर होणे ही चांगली बातमी वाटते, पण तिचे दोन अर्थ निघू शकतात. एक तर गळती बुजली असेल, किंवा स्थानकाच्या मुख्य भागातील हवा दाराच्या कडेतून त्या बोगद्यात झिरपून तूट भरून काढत असेल. नेमके काय घडते आहे हे तपासण्यासाठी नासाने वेळ मागितला. स्थानकावर आधीच सात माणसे आहेत आणि त्यांत आणखी चार जायची आहेत, तेव्हा हा खुलासा आधी झालाच पाहिजे.

रविवार हातचा गेला याचे वाईट वाटले. हॉटस्पॉटसाठी घेतलेला डेटाचा वाढीव पॅक आजच संपतो आहे, तो न वापरता वाया गेला. यापुढे पॅक उड्डाणाच्या दिवशी सकाळीच भरायचा.

२४ जून, मंगळवार

उद्या, २५ जून, दुपारी १२ वाजून १ मिनिट. हिशोबाशी जुळते.

शाळेत उद्याची रजा मिळाली. मुलांना मात्र शाळा आहे. त्यांच्यासाठी संध्याकाळी पूर्ण फीत पुन्हा लावायची आणि दिवसभर त्यांना निकाल कळला तरी चालेल असे ठरले, कारण तक्ता भरण्याचे काम फीत पाहूनही तितकेच नीट होते. छोटा यूपीएस रात्रभर भारित केला, दोन्ही फोन भारित केले, चादर लावली, स्पीकरची तार तपासली.

२५ जून, बुधवार

सकाळी साडेसातपासून प्रक्षेपण शोधून लावून ठेवले. हे लवकर करणे आवश्यक आहे, कारण मोठ्या उड्डाणांच्या दिवशी जुन्याच फिती थेट प्रक्षेपण म्हणून दाखवणाऱ्या बनावट वाहिन्या निघतात. पडद्यावरील उलटगणती आपल्या कागदावरील वेळेशी जुळते का, ही खात्रीची सोपी कसोटी आहे.

कमांडर पेगी व्हिटसन, पायलट शुभांशु शुक्ला, पोलंडचे स्लावोश उझनान्स्की-विश्निएव्स्की आणि हंगेरीचे तिबोर कापू यानात बसले, दार बंद झाले. सव्वाअकराच्या सुमारास इंधन भरण्याची संमती आली, पूल बाजूला झाला, सुटका यंत्रणा सज्ज झाली. आईने तक्त्यावर खुणा करण्याचे काम स्वतःकडे घेतले होते. १९८४ साली शेजाऱ्यांकडच्या रेडिओवर तिने राकेश शर्मांची बातमी ऐकली होती.

अकरा चाळीसला लाइट गेली. टीव्हीचे चित्र क्षणभर काळे होऊन परत आले, राउटर आणि फायबरची पेटी दोन्हींचे दिवे हिरवेच राहिले. केबलवाल्यांच्या बॅटरीचा तासाभराचा हिशोब केला तर साडेबारा-पाऊणपर्यंत हरकत नव्हती. तरीही माळ्यावरील फोनचा हॉटस्पॉट चालू करून ठेवला आणि टीव्हीला त्याची ओळख आधीच करून दिलेली असल्यामुळे बदलायला एकच बटण पुरले असते. त्याची गरज पडली नाही. बारा वाजता पावसाची मोठी सर आली, पण माजघरात पुकारे स्वच्छ ऐकू येत होते.

शेवटच्या सात मिनिटांत इंजिने थंड केली जातात, मग यान स्वतःच्या विजेवर येते, शेवटच्या मिनिटात टाक्यांतील दाब उड्डाणाच्या पातळीवर नेला जातो आणि ४५ सेकंद उरले असताना उड्डाण संचालकांची अखेरची संमती येते. तिथे मध्यरात्रीनंतरचे अडीच वाजले होते. काळ्या आकाशात पहिल्या टप्प्याची नऊ मर्लिन इंजिने पेटली तेव्हा कॅमेरा काही क्षण पांढराशुभ्र झाला आणि मग त्या उजेडातून अग्निबाण वर सरकताना दिसला.

पहिल्या मिनिटाच्या आसपास वेगामुळे अग्निबाणावर पडणारा हवेचा दाब सर्वाधिक होतो, तो पुकारा आला. अडीच मिनिटांच्या आतबाहेर पहिला टप्पा बंद होऊन सुटला आणि दुसऱ्याचे इंजिन पेटले. इथून पडद्यावर दोन वेग आणि दोन उंच्या दिसू लागतात आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याचा गोंधळ होतो. एक आकडा झपाट्याने कमी होत असतो, तो तळाकडे परतणाऱ्या पहिल्या टप्प्याचा. आपली माणसे ज्यात आहेत तो आकडा दुसरा. आईला त्या आकड्याखाली बोट ठेवून दाखवले आणि त्यानंतर ती तेवढ्याच आकड्याकडे पाहत राहिली. पहिला टप्पा केप कॅनाव्हरलच्या उतरण तळावर उभा उतरला, तेव्हा आठ मिनिटेही झाली नव्हती. त्याच्या उतरण्याकडे पाहताना दुसरे इंजिन बंद होण्याचा क्षण निसटू शकतो, कारण तो त्यानंतर जेमतेम मिनिटभरातच येतो. तक्त्यावर त्या दोन ओळींमध्ये ठळक रेघ मारून ठेवली होती, तिचा उपयोग झाला.

इंजिन बंद झाले तेव्हा वेगाचा आकडा ताशी सुमारे २७,००० किलोमीटरवर होता. यानात हंसाच्या आकाराचे मऊ खेळणे तरंगू लागले, त्याचे नाव जॉय. थोड्या वेळाने शुक्लांचा आवाज आला आणि तो हिंदीत होता, त्यामुळे आईला प्रथमच कोणी समजावून सांगावे लागले नाही. ४१ वर्षांनी आपण पुन्हा अवकाशात पोहोचलो आहोत, सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती फिरतो आहोत, खांद्यावरचा तिरंगा मी तुम्हा सर्वांसोबत असल्याचे सांगतो आहे, आणि ही भारताच्या मानवी अवकाश कार्यक्रमाची सुरुवात आहे, अशा अर्थाचे ते बोलले. साडेसातला ३,६०० ने गुणले की पडद्यावरचे २७,००० मिळतात. हा गुणाकार संध्याकाळी मुलांकडून फळ्यावर करून घेतला. ज्या आकड्याकडे नुसते पाहिले जाते तो अशा वेळी त्यांच्या हातात येतो.

लाइट दोन वाजता आली. इंटरनेट एक वाजायच्या आधीच गेले होते.

२६ जून, गुरुवार

स्थानकाशी जोडणी दुपारी साडेचारला अपेक्षित होती, ती ४ वाजून १ मिनिटांनीच झाली. उड्डाणापासून २८ तास. उड्डाणाची वेळ सेकंदाला बांधलेली असते तशी जोडणीची नसते, ती अर्धा तास अलीकडे-पलीकडे होऊ शकते. त्यामुळे जाहीर वेळेच्या किमान एक तास आधी बसावे. शाळा सुटून घरी पोहोचेपर्यंत माझी जोडणी थेट पाहायची राहिली, ती फितीवर पाहिली. यान हार्मनी भागाच्या अवकाशाकडील दाराला लागले. नव्या यानाचे ग्रेस हे नाव व्हिटसन यांनी कक्षेत पोहोचल्यावर जाहीर केले होते. मुलांनी ते तक्त्याच्या शीर्षस्थानी लिहिले.

६ जुलै, रविवार

स्थानक साध्या डोळ्यांनी पाहण्याचा प्रयत्न ढगांमुळे पूर्णपणे फसला. ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून दीड तासात पृथ्वीभोवती फेरी मारते आणि सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयापूर्वी काही मिनिटे ठळक ताऱ्यासारखे सरकताना दिसते, पण त्यासाठी आकाश हवे. कोकणात जूनजुलैमध्ये यावर वेळ घालवू नये. घाटावरच्या एखाद्या नातेवाइकांना वेळा कळवून त्यांच्याकडून पाहून घेणे शहाणपणाचे.

१५ जुलै, मंगळवार

यान काल दुपारी पावणेपाचला स्थानकापासून सुटले आणि आज दुपारी ३ वाजून १ मिनिटांनी कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ पॅसिफिकमध्ये उतरले. परतीच्या प्रवासात वातावरणात शिरताना काही मिनिटे संपर्क तुटतो, आणि घरी बसलेल्याला तो आपल्याच इंटरनेटचा दोष वाटू शकतो. त्या वेळी राउटर बंद-चालू करू नये. निवेदकाचा आवाज चालू असेल तर आपली लाइन ठीक आहे. त्यानंतर आधी दोन छोट्या छत्र्या आणि मग चार मोठ्या छत्र्या उघडतात. सागरावर पहाट व्हायची असल्यामुळे त्या अंधुक दिसल्या, तरी चारही उघडल्याचा पुकारा स्पष्ट होता आणि तोच महत्त्वाचा.

खर्चाची नोंद. छोटा यूपीएस १,४०० रुपये, जोडवायर ८० रुपये, स्पीकरची तार १२० रुपये, डेटाचे दोन पॅक, त्यांतील एक वाया गेलेला. तक्त्यांच्या झेरॉक्सचे किरकोळ पैसे. टीव्ही, इन्व्हर्टर आणि स्पीकर घरचेच होते. पैसा खर्च करायचाच असेल तर पहिला खर्च राउटरच्या यूपीएसवर करावा, मोठ्या पडद्यावर नंतर. गगनयानाची उड्डाणे श्रीहरिकोट्याहून होतील तेव्हा वेळेचे तीन स्तंभ लागणार नाहीत, एकच पुरेल. तक्ता मात्र नव्याने करावा लागेल, कारण गगनयानाच्या एलव्हीएम-३ या अग्निबाणात बाजूला घन इंधनाचे दोन बूस्टर आहेत, तिथे पायऱ्यांचा क्रम वेगळा आहे आणि पहिला टप्पा परत येत नाही. त्याची मांडणी सुरू केली आहे.